माणशी अठरा इंच

परवानगीच्या अर्जात सातवा रकाना:
प्रेक्षक क्षमता.
अर्ज कन्नडात, म्हणून भरमू चौगुल्यानं
माझ्या उंबऱ्यावर आणून टाकला.
"तुला वाचता येतंय, तूच भर.
आणि आकडा नीट घाल की,
गेल्या साली फौजदार हसला."

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी पाणी मोजलं. माणसं कधी नाही.
बाभळीची काठी अठरा इंचांवर कापली;
पुस्तकात तेवढंच आहे,
बसलेला माणूस म्हणजे अठरा इंच.
बेळगुंदीच्या तालमीमागं, दगडी पायऱ्यांवरनं
काठी पुढं पुढं टाकत निघालो.
शेणी थापत बसलेली गंगव्वा म्हणाली,
"काय मापूलास ओ? कोण मेलं?"

त्याच संध्याकाळी मेहुणीच्या विश्रामचा फोटो आला
मिशिगनहून.
वाटीसारखं मैदान, काठोकाठ भरलेलं.
तिथं फुटबॉल हातात धरून पळतात म्हणे.
जागा एक लाख सात हजार सहाशे एक.
लाख मी मानला. सहाशेही मानले.
त्या एकानं झोपू दिलं नाही.
विचारलं तर विश्राम म्हणाला,
ती एक जागा जुन्या, वारलेल्या मास्तराची, असं सांगतात,
पण नेमकी कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही.

पडल्या पडल्या मी ती वाटी भरायला घेतली.
बेळगुंदी ओतली, तळही झाकला नाही.
उचगाव ओतलं, सुळगे, हिंडलगा, दोन्ही कंग्राळी,
किणये, जांबोटी, राकसकोपच्या धरणाकाठची घरं.
कुणाला कुणाशेजारी बसवू यातच बारा वाजले:
बांधावरनं बोलणं तुटलेले सख्खे भाऊ,
पाटी कुठल्या लिपीत यावरनं तुटलेले शेजारी,
आणि अंतूची सासू, तिला कुणाशेजारीच नको.
तरी वर अर्धी वाटी रिकामी,
वारा शिरेल एवढी.

आमच्या पायऱ्या सातशे चाळीस भरल्या.
कागदावर.
कारण आप्पया पैलवान टेकला की अडीच काठ्या जातात,
त्याच्या मांडीवरचा नातू शून्य काठी.
चिंचेच्या फांदीला काय माप लावू?
ट्रॉलीत उभ्या राहणाऱ्या बायकांना?
शाळेच्या कौलांवरनं उतरा म्हणून ओरडणारे गुरुजी
स्वतः पाण्याच्या टाकीवर असतात.
आणि हलगीवाला परसू तर बसतच नाही.

तिसऱ्या पायरीवर, लिंबाच्या बाजूला
काठी अडली.
तिथं निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, चार घड्यांचा, वर दगड.
इब्राहिम मकानदार तिथनं बघायचा.
आखाड्याची माती त्याची:
ताक, तेल, हळद, लिंबू, सगळं हातानं मळलेलं,
आणि कुस्ती सुरू झाली की
पैलवानाकडं नाही, मातीकडं बघायचा,
कुठं फुटते, कुठं धरते.
गेल्याला दोन मैदानं झाली.
टॉवेल कोण धुतं, कोण परत ठेवतं, मी विचारलं नाही.
मी काठी उचलली
आणि टॉवेलच्या पलीकडं टेकवली.

भरमूनं अर्ज हातात घेतला, बोट फिरवलं.
"सातशे एक्केचाळीस? काल चाळीस म्हणालास.
हा एक कुठला?"
म्हटलं, मोजताना चुकलं असेल, राहू दे.
"मग सातशे चाळीसच घाल की."
म्हटलं, शाईनं लिहिलंय.

फौजदारानं न बघता शिक्का मारला.

मैदानाच्या दिवशी चार हजार तरी आले असतील,
कर्नाटकाचे, कोल्हापूरचे, गाडी चुकलेला एक गोव्याचा.
मला बसायला मिळालं नाही.
नळाजवळ उभा राहून, लोकांच्या खांद्यांमधनं
निकाली कुस्तीचा एक पाय तेवढा दिसला,
कुणाचा, कळलं नाही.
काठी कुणीतरी मागून नेली,
कुत्रं हाकलायला.