साठावी पायरी

बोगुमिलाच्या अर्जात शिक्षणापुढे नुसती रेघ.
खाली नोकऱ्या: मासळीचा कारखाना, चार महिने.
हॉटेलची धुलाई, सहा आठवडे.
बेकरी, तारीखच नाही.
"का सोडलंस?" मी विचारलं.
"सोडलं नाही. काढलं."
समोरचा चहा तसाच निवत राहिला.

एकवीस वर्षं मी ग्दिनियाच्या धक्क्यावर
क्रेन शिकवतोय.
पहिल्या दिवशी सगळे वर बघतात.
ही बघत होती बुटांच्या नाड्यांकडे,
दोनदा सोडून पुन्हा बांधल्या.

एकशे चाळीस पायऱ्या.
साठाव्या पायरीवर थांबली.
बाल्टिकचा वारा, कानशिलात मारल्यासारखा.
वाटलं, उतरते आता,
हिला सवयच आहे अर्ध्यावरची.
उतरली नाही.
चढलीही नाही.
बराच वेळ गज धरून नुसती उभी,
आणि मी खाली मान अवघडून,
सिगारेट पेटवायची विसरून.

मग केव्हातरी रेडिओत खरखर:
"झेनॉन, इथून माझ्या शाळेचं छप्पर दिसतं.
गळकं होतं. बदललंय वाटतं."
मी काहीच बोललो नाही त्यावर.
म्हणालो, "तो रिकामा कंटेनर उचल."

उचलला.
जरा तिरकाच, झोके खात.
पण खाली टेकवला तेव्हा
आवाज झाला नाही.