चार्ज देताना

औलूच्या इस्पितळात, डायलिसिसच्या चौथ्या खुर्चीत
तौनो हाउताला बसतो, मंगळवार, गुरुवार, शनिवार.
सुई टोचण्याआधी यंत्र सुरू होतं.
पडदा उजळतो, निळा, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह.
मग दीड सेकंद काळा.
मग आकडे.

त्या दीड सेकंदाची तक्रार माझ्या टेबलावर आली,
नर्स हेल्लेवीच्या दोन ओळी:
पडदा मरतो आणि परत येतो.
चार नंबरच्या पेशंटला वाटतं, आज नाही येणार.

मी पडद्यामागचा माणूस. मला कारण ठाऊक होतं.
पहिला ड्रायव्हर हंगामी,
बूटलोडरने पेटवून ठेवलेल्या दिव्यापुढे
नुसता उभा राहून चित्र काढणारा.
वीज कुठून येते, क्लॉक कोण चालवतं,
त्याने विचारलंच नाही कधी.
तेवढ्यात कर्नल घरभर फिरतो, काटकसरी म्हाताऱ्यासारखा.
हा क्लॉक कुणाचा? कुणी नाव लावलेलं नाही. बंद.
हा रेग्युलेटर? बेवारस. बंद.
आणि खरा ड्रायव्हर अजून जिन्यात, धापा टाकत.

आधी मी म्हाताऱ्यालाच दटावलं: काहीच बंद करू नकोस.
संध्याकाळपर्यंत बोर्डावर बोट ठेववेना.
मग हंगामीला शिकवलं, जे वापरतोस त्यावर नाव लाव,
घट्ट धर.
त्याने इतकं घट्ट धरलं
की खरा आला, त्याने वेगळा वेग मागितला,
आणि दारातच ताटकळला.
हातचं सोडू नये म्हणतात, ठीक;
कधी सोडावं, ते कुणी सांगत नाही.

शेवटी इस्पितळातच गेलो. पावणेसात, उणे तेवीस,
बुटांखाली बर्फ काचेसारखा कुरकुरणारा.
हेल्लेवीची रात्रपाळी संपत होती.
दोन नंबरच्या बाईची नळी तिच्या चिमटीत.
सकाळपाळीची इद्मान आली, हात धुतले, पुसले,
त्याच नळीवर बोटं ठेवली.
हेल्लेवीने हात काढला नाही.
"आहे?"
"आहे."
मग काढला. मग कोट शोधायला गेली.

एका नळीवर चार बोटं, क्षणभर, एवढंच.
मी गाडीत बसून, हातमोजे न काढता
वहीत वाकडंतिकडं लिहिलं:
आधी नव्याने धरायचं.
मोजणी एक, दोन, मग पुन्हा एक.
मध्ये शून्य येता कामा नये.

कोड फक्त एकोणीस ओळींचा झाला.
त्यातल्या सात माफीच्या, म्हणजे चूक झाली तर परत फिरायच्या.

शनिवारी मी भिंतीशी उभा राहिलो.
निळा पडदा, चिन्ह, आणि थेट आकडे,
शिवण दिसू नये असे.
इद्मानने माझ्याकडे पाहून भुवई उडवली.
तौनोला काही कळलं नाही.
चिन्ह दिसताक्षणी त्याने डोळे मिटले होते,
दीड सेकंद,
सवयीने.