नांगरपाळी

रात्री दोन ते चार माझी पाळी.
काम एवढंच: अजमानच्या किनाऱ्यावरचा हिरवा मिनार
आणि अर्धं नाव विझलेल्या हॉटेलाची पाटी
एका रेषेत आहेत का, बघायचं.
आहेत, म्हणजे जहाज हललेलं नाही.
वहीत लिहायचं, जागेवर.
सही, शलमोन कसबे, खानसामा.

हे काम खानसाम्याचं नव्हे.
पण अकरांतले सात गेले,
मालकाचा फोन लागेनासा झाला,
चौदा महिन्यांचा पगार कुठल्याशा कोर्टात झोपलाय,
आणि जहाज सोडलं तर हक्क सोडला, असं वकील म्हणतो.
म्हणून आम्ही चौघे:
इद्रिस, रफीकुल, तार्तूसचा म्हातारा कप्तान, मी.

आई सांगायची,
त्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही.
माझं सरतं. मी रोज वाटीनं मोजतो.
मंगळवारी तर डबा उपडा करून थापटला.
बुधवारी एक बोट आली,
एक पोरगा दोन पोती वर चढवून
नाव न सांगता निघून गेला.
याला सरणं म्हणायचं की न सरणं,
माझं अजून ठरलेलं नाही.

लहानपणी, जालन्याकडे,
पत्र्याच्या चर्चमध्ये बाकाखाली पाय हलवत ऐकलं होतं
की आशा म्हणजे जिवाचा नांगर.
समुद्र कुणी पाहिला होता तिथे?
मी समजलो तो बाबांचा,
गोठ्याच्या भिंतीला टेकलेला, लोखंडी फाळाचा.
म्हणजे आशा माती फाडते.
म्हणजे आशा दुखते.
पाळकसाहेबांनी दुरुस्त केलं नाही,
त्यांनी तरी दुसरा कुठे पाहिला असेल.

पुढे बंदरात तो दुसरा दिसला,
साखळीला लोंबणारा, गंजका, हत्तीएवढा,
आणि माझं मलाच हसू आलं:
एवढी वर्षं चुकीच्या नांगरानं प्रार्थना केली.

इथे आल्यावर त्याचाच राग.
हाच तर धरून ठेवतो.
साखळी तुटली असती, तर वाहत वाहत का होईना
कुठेतरी लागलो असतो.
देवालाही तेच म्हणालो.
शब्द बरे नव्हते.

डेकच्या पुढच्या टोकाला रेंज येते.
सुवार्ताचा निरोप होता:
गेल्या नाताळची चांदणी काढलीच नाही,
कागद उन्हानं पांढरा पडलाय,
पण बल्ब चालू आहे,
आता या नाताळला हीच चालवून घेऊ.
तिनं विचारलं नाही, कधी येणार.
हे न विचारणं मी तीनदा वाचलं.

परवा शमाल सुटला.
मिनार एकीकडे, पाटी एकीकडे,
जहाज ओढत निघालं किनाऱ्याच्या खडकांकडे.
इंजिनात डिझेल नाही, करायचं काय?
इद्रिस त्याच्या ओळी म्हणत होता, मी माझ्या,
रफीकुल साखळीवर पंजा ठेवून बसलेला,
वैद्यानं नाडी बघावी तसा.
मीही हात ठेवला.
खालून थरथर येत होती, खरखर,
लोखंड चिखलात शिरतंय, माती उलटतेय.
हा हिसका मला माहीत होता.
आठ वर्षांचा असताना
बाबांच्या हातांवर हात ठेवून
रुमण्यातून हाच आला होता कोपरापर्यंत.
एकच होता की तो!
समुद्राच्या तळाशी एक तास पडत गेला,
घड्याळात बघितलं तर तोही एकच तास,
आणि मग फाळ रुतला.
धरलं.

सकाळी कप्तानानं नकाशावर मोजलं,
तीनशे हातांचा ओरखडा.
तिथे पेरायला कुणी जाणार नाही,
हे मलाही कळतं.
पगार आला नाही. मालकाचा फोन नाही.

आज मिनाराच्या रेषेत पाटी नाही,
पाण्याची एक जुनी टाकी आहे.
सवयीनं लिहिलं, जागेवर.
खोडलं.
लिहिलं, नव्या जागेवर.

चार वाजले.
इद्रिसला उठवतो.
चौघांपुरतं पीठ भिजवायचंय.