भंगारवाल्याचा काटा

व्हिसा अजून आलेला नाही
आणि आम्ही बॅगा भरतो आहोत.
मेकोसाबागेतल्या दोन खोल्या,
मे महिन्याची दुपार दाराला पाठ टेकून बसलेली.
कूलरमध्ये मी तिसऱ्यांदा पाणी ओतते.
वाळ्याच्या ताट्या ओल्या होतात, वास सुटतो,
म्हणजे अजून तासभर मिळाला.

मलावी.
तबिथाच्या शाळेच्या नकाशात
तिच्या करंगळीच्या नखाखाली झाकून जाणारा देश.
तिथल्या कुठल्याशा खेड्यांत हातपंप बंद पडलेत,
आणि शमुवेलने आयुष्यभर
रामटेक, पारशिवनी, काटोलच्या वाटांवर
दुसरं केलंय काय?
पाळकसाहेब म्हणाले, ही हाक आहे.
तो ताठ उभा राहिला, शाळेत हजेरीला उभा राहावा तसा.
मला हाक ऐकू आली नाही.
मी बाकावर बसून
तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेला
बत्तीस हजारांनी गुणत होते.

तेव्हापासून माझी प्रार्थना अडकली आहे.
गुडघे टेकते, डोळे मिटते
आणि यादी सुरू होते:
पीतज्वराची लस, ओबेदचा दम्याचा पंप,
गॅसचं कार्ड कुणाकडे द्यायचं,
विम्याचा हप्ता.
आमेन म्हणायच्या ऐवजी एकदा
"झालं" म्हणाले.
शमुवेल हसला नाही. त्यानेही बहुतेक
झालंच म्हटलं असावं, मनात.

माणशी तेवीस किलो.
घरात काटा नाही,
म्हणून बॅगा सायकलवर लादून
मोतीराम भंगारवाल्याकडे गेलो.
कुलरचे पत्रे, गंजके पंखे, वर्षभराची रद्दी
जिथे तोलली जाते
तिथे आमचं परदेश आकड्याला टांगलं.
"कुठी चाल्ले जी सिस्टर, बिऱ्हाड घेऊन?"
मी सांगितलं.
"बापा! तिकडंबी पाणी नाई?"
"आहे. जमिनीखाली."
त्याने मान हलवली, हे त्याला पटलं.

सव्वीस भरले.
भर रस्त्यात बॅग उघडली.
चामड्याचे वायसर, पाने, साखळीचे तुकडे
काढू देईना शमुवेल.
मी चिंचेचा गोळा काढला,
सांडग्यांचा डबा, दुसरी चादर.
ओबेदने स्वतःहून काढून दिला
त्याचा लोखंडी ट्रक
आणि लगेच पाठ फिरवली.
बावीस, नऊशे.

पैसे विचारले तर मोतीराम म्हणाला,
"नको. तुमच्या देवाले सांगजा,
माह्या पोरीकडं पाहाय म्हणा.
सातवा सुरू हाये, बीपी उतरत नाई."
मी विचारलं, गोळ्या कुठल्या, सूज आहे का,
उद्याच वॉर्डात घेऊन ये, मला विचार.
नर्सचं सगळं बोलून झालं
तरी तो तिथेच उभा,
हात साखळीवर,
जणू मूळ काम राहिलंच आहे.

कामठीला आत्याच्या अंगणात पंप होता जुना.
उन्हाळ्यात हवा धरायचा.
दांडा कितीही मारा, नुसता खोकायचा.
मग आत्या शेजारून तांब्याभर पाणी मागून आणायची,
त्याच्या घशात ओतायची,
आणि म्हणायची, आता मार.

त्या रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या.
गच्ची अजून तव्यासारखी.
मी मोतीरामच्या पोरीचं नाव घेतलं,
नाव ठाऊकच नव्हतं,
नुसतं "ती, सातव्या महिन्यातली" म्हणाले.
आणि पुढचं आपोआप आलं,
यादीशिवाय, हिशेबाशिवाय,
किती वेळ, कोण जाणे.
तबिथा कुशीवर वळून म्हणाली,
"आई, आपण खरंच जाणार?"
"माहीत नाही गं."
हे मी पहिल्यांदाच
न घाबरता म्हणाले.

सकाळी मोबाईल पाहिला.
व्हिसा नाही.
शमुवेल वायसरना तेल लावत बसला होता, एकेकाला.
नळ जायच्या आत
मी बादली कूलरकडे नेली.
जाता जाता ट्रक उचलून
बॅगेच्या कोपऱ्यात सरकवला.
शंभर ग्रॅमची जागा होती.
ट्रक जरा जास्तच असेल.