वेलांटी

रात्री झोपेत मीच होकार दिला होता.
नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?
कूलरच्या घरघरीत म्हटलं, घे.
दूधवाल्याला आतूनच सांगावं,
पिशवी दाराला अडकवून जा, तसं.

सकाळी सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात
लॅपटॉप उघडला तर सगळं गोलगोल, गुळगुळीत,
घड्याळसुद्धा नव्या जागी.
नवतप्याचा चौथा दिवस.
पाच वाजता साहेबांना हवा आहे
तीस विहिरींचा आलेख,
आणि पायथन सांगतोय एका लाल ओळीत:
मॅटप्लॉटलिब नावाचं इथे कोणी राहत नाही.

राहत नाही कसं?
आठ वर्षं त्यानंच काढल्या माझ्या रेघा.
फोल्डर उघडून पाहिलं. आहे की!
जुन्या पायथनच्या घरात, भांडीकुंडी जागच्या जागी.
पायथन तेवढा पुढच्या गल्लीत राहायला गेला
आणि पत्ता देऊन गेला नाही.

पिप म्हणाला, इथे आता खिळा ठोकायचा नाही,
भिंती सिस्टिमच्या आहेत, स्वतःची खोली करा.
केली. नाव दिलं खोली२,
कारण खोली आधीची होती, मेलेली.

वहीत जपून लिहिलेला जुना आकडा दिला,
हीच आवृत्ती आण म्हटलं.
तर ते बसलं सुट्या भागांतून नवं घडवायला,
चारशे ओळी भरभर वर सरकल्या
आणि शेवटी जमलं नाही, एवढंच.
आकडा खोडला. म्हटलं, ये तुला यायचं तसं.
एक्केचाळीस टक्क्यांवर
लाइन गेली.

कूलर हळूहळू थांबला.
वाळ्याचा वास आधी दाटला, मग वाळला.
तेवढ्यात उईकेंचा फोन, कुहीहून.
सतरा वर्षं हा माणूस खिशात कांदा
आणि हातात मोजपट्टी घेऊन विहिरी फिरतोय.
"मॅडम, पट्टी तळाला टेकून राह्यली,
ओली नाई होऊन राह्यली.
किती लिहू?"
किती लिहायचं?
शून्य म्हणजे पाणी काठोकाठ, आमच्या हिशोबात.
"काहीच लिहू नका, दादा. जागा सोडा."
"मंग मी गेलो नाई असं वाटन ना बाप्पा."

दीडला लाइन आली. लायब्ररी आली.
प्रोग्राम चालवला.
चूक नाही.
चित्रही नाही.
अर्धा तास चूक नसण्याकडे पाहत बसले.
मग कळलं, खिडकी उघडणारंच कोणी नाही,
ते टीके नावाचं दोन अक्षरांचं प्रकरण
अपग्रेडमध्ये गळून पडलेलं.
ते बसवलं, आणि उघडली खिडकी,
निळी रेघ, खाली तीस गावं:
चौकोन, चौकोन, चौकोन.

फॉन्ट दिला. अक्षरं आली.
सगळी आली, पण वेलांटीला
कोणाच्या आधी उभं राहायचं ते कळेना.
श सोडून व ला जाऊन चिकटली.

उईके चारला आले, रुमालानं मान पुसत वाकले.
"हे पारशविनी कोणतं गाव व्हय?
आपल्या जिल्ह्यात तं नाई."
"पारशिवनीच आहे, दादा."
"अस्सं," म्हणाले, आणि स्वतःच्या गावाचं नाव शोधू लागले
परीक्षेचा निकाल पाहावा तसं, बोट टेकवून.

प्रिंट काढली. व्हाइटनर लावला.
ड्राफ्ट्समन लांजेवार रिटायर होताना
ड्रॉवरमध्ये ठेवून गेलेल्या पेनानं
सात गावांच्या वेलांट्या हातानं दिल्या,
एक जरा जाडच झाली.

साहेबांनी चष्मा वर केला.
"ही कुहीजवळ रेघ तुटली आहे. अपग्रेडमुळे का?"

दारात उभे होते उईके.
मी म्हणाले, नाही सर,
तिथे हे जाऊन आले आहेत.