चालू पड

वसमत रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
दुपारची लाईट गेल्यावर मी
लॅपटॉपच्या उरलेल्या एकोणीस टक्क्यांत
ब्राझीलच्या एका गावाची शेती इंग्रजीत नेते आहे.
शब्दाला सव्वा रुपया.
टीपा फुकट.

पणजीत आठ वर्षं काढली, तिथे शिकले ही भाषा,
नोटरीच्या जुन्या कागदांपायी.
त्यांत माड होते, वाटण्या होत्या, भांडखोर दीर होते;
जमीन झोपते कशी, हे कुठे नव्हतं.

पोउझीऊ.
पाखरू फांदीवर टेकतं, त्या क्रियापदातून आलेला.
म्हणजे जमीन टेकली आहे. उठेल.
इंग्रजीच्या रकान्यात मी ‘फॅलो’ लिहिलं
आणि फांदी हललीसुद्धा नाही.

आपलं पडीक तर त्याहून वाईट.
दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्या पोरासारखं.
खालच्या मजल्यावर सर्जेराव कंधारकर राहतात, निवृत्त तलाठी.
त्यांना विचारलं. चष्मा न लावताच म्हणाले,
“चालू पड आणि कायम पड, दोनच.
चालू म्हणजे औंदा पेरलं नाही.
कायम म्हणजे विषय संपला.”

चालू पड!
पडलेलं, आणि तरी चालू.
छत्तीस वर्षं हा माणूस गाव नमुना बारामध्ये
हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहीत होता
आणि त्याला एकदाही हसू आलं नाही.

कापुएरा. मूळ तुपी लोकांचा,
पोर्तुगीजांनी तोंडात बसेल तसा उचलला:
जे शेत होतं.
आता झुडपं आहेत, पण झुडपांना ठाऊक आहे
आपण कशावर उभे आहोत.
संपादक पोरगी विचारते, ‘सेकंडरी फॉरेस्ट’ चालेल?
चालेल गं. सगळंच चालतं.

कोइव्हारा अडली.
अर्धवट जळालेल्या फांद्या गोळा करून
दुसऱ्यांदा पेटवायची रास.
ऑफिसनं सुचवलं, स्लॅश अँड बर्न.
कापा आणि जाळा,
दंगलीनंतरच्या पेपरातल्या मथळ्यासारखं.

म्हणून किनवटची एसटी धरली.

जंगू टेकाम, कोलाम. वय विचारलं
तर एका सागाकडे बोट दाखवतो.
बाप उतारावरच्या राखेत ज्वारी टोकायचा, काकडीच्या बिया टाकायचा;
तीन वर्षं इथं, मग पलीकडच्या अंगाला,
मग आणखी पलीकडे,
आणि पोरांना मिशा फुटेस्तोवर परत इथंच.
मी विचारलं, मधल्या काळात
सोडलेल्या जागेला काय म्हणायचे?
बराच वेळ तंबाखू मळत बसला.
“नाव काहून ठेवावं?
नाव ठेवलं की साखळी घेऊन मोजणीवाला येते.
अन् सोडली कुठं? येणार होतो ना आम्ही.”

वनखात्याच्या फायलीत नाव आहे त्याला: अतिक्रमण.

परत आले. सूचीत रिकामा रकाना चालत नाही,
लाल होतो, पुढे सरकू देत नाही.
तिन्ही ठिकाणी मुकाट्यानं त्यांना हवे ते शब्द भरले
आणि कोइव्हाराखाली सत्तर शब्दांची टीप लिहिली.
फुकट.
हात लावाल तर अजून गरम असेल.

लाईट आली. पंखा फिरला.
खिडकीसमोर पाच एकर पड:
पांढरे दगड, फलक, ‘एन.ए. प्लॉट, सुलभ हप्ते’.
ही जमीन टेकलेली नाही.
ही रांगेत उभी आहे.

प्लॉट नंबर सतराच्या दगडाशी टिटवी उतरली.
खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी आहेत तिची.
कोणी जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालून ओरडते,
मोजणीवाला असो
की मी.