शुद्धिपत्र

संदर्भ विभागाच्या कपाटाची किल्ली
हत्तुरे सरांच्या डब्याच्या पिशवीत असते.
दुपारी एक ते चार वाचनालय बंद,
म्हणून मी साडेनवालाच येते, अर्धी रजा टाकून.
बाकी टेबलांवर स्पर्धा परीक्षेची पोरं.
त्यांना पुढचं पाठ करायचंय, मला मागचं.

भाच्याच्या शाळेनं एक तक्ता दिलाय:
वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा.
त्याचे खापरपणजोबा म्हणजे माझे पणजोबा,
आणि ती चौकट घरात कुणाला धड भरता येईना.
नाव तसं ठाऊक. नरसय्या दुडम.
करीमनगरकडून पायी आला, साखर पेठेत चार माग टाकले.
एवढंच वडील सांगायचे,
तेही गिरणीचा भोंगा कायमचा थांबल्यावर,
म्हणजे ऐकायला आम्ही घरात उरलो नव्हतो तेव्हा.

आधी चरित्रकोश काढला, पाठीला कापडी पट्टी लावलेला.
शेवटी व्यवसायवार सूची.
वकील: अकरा पानं.
वैद्य: चार.
विणकर नाही.
ज्यांची चरित्रं झाली त्यांच्या अंगावरचं
कुणीतरी विणलंच होतं. त्याची नोंद
शिंप्याच्या बिलात असेल तर असेल.

मग जिल्ह्याची व्यापार-डिरेक्टरी, सदतीस सालची.
केसांची तेलं, बर्फाचा कारखाना,
‘आमचेकडे ग्रामोफोन खात्रीने दुरुस्त होतील.’
सर म्हणाले, आडनाव जसं आहे तसं शोधू नका,
लिहून घेणाऱ्याला जसं ऐकू आलं असेल तसं शोधा.
मी दुदम पाहिलं, दूडाम पाहिलं, धुडम, टुडम,
आणि एकशे सतराव्या पानावर
गाठोड्यातल्या सुईसारखं बोटाला लागलं:

दुधम नरसय्या. हातमाग ४. लुगडी. साखर पेठ, विहिरीजवळ.

दुधम! आमच्यात कुणी म्हैस पाळली नाही कधी.
तरी पेन्सिलीनं उतरवून घेतलं, चुकीसकट.

पुस्तक मिटताना मागच्या पुठ्ठ्यापाशी
पिवळी पडलेली चिठ्ठी सुटून मांडीवर आली.
शुद्धिपत्र. चौदा चुका.
कुणाचा पत्ता, कुणाचा काना,
एका सावकाराच्या पदवीतला राहिलेला ‘ब’.
नववी:
पृ. ११७, ‘दुधम नरसय्या’ ऐवजी ‘दुडम नरसम्मा’ वाचावे.

वाचलं.
बोट ठेवून पुन्हा वाचलं.

म्हणजे ती गेली असणार छापखान्यात.
मराठी येत नसताना. हाताला खळीचा वास,
दोन्ही अंगठे कुंकवासारखे लाल, रंगाच्या हौदानं केलेले.
खिळे जुळवणाऱ्याच्या डोक्याशी उभी राहून
म्हणाली असणार, अय्या कादु, अम्मा.
अय्या कादु. अम्मा.
तो ‘बरं बरं’ म्हणाला असेल.
ती बरं बरं ऐकून घरी जाणारी नव्हती,
नाहीतर ही चिठ्ठी नसती.

मग नरसय्या कोण? होता का?
नवरा असेल, वाटेतच राहिलेला.
की चार मागांना मालक लागतो म्हणून
आमच्याच घरानं हळूहळू घडवलेला?
वडिलांनी ही डिरेक्टरी पाहिली नव्हती,
तेव्हा त्यांची चूक छापखान्याची नाही.
घराची चूक वेगळी असते, तिला
मागच्या पुठ्ठ्याशी चिठ्ठी चिकटवत नाहीत.

पावणेएक. सर पंखे बंद करत आले,
पोरांनी वह्या मिटल्या.
“सापडले का पणजोबा?”
“सापडल्या,” मी म्हटलं.

ते हसले, मायेनंच.
आमच्या लोकांचं मराठी लिंगात घसरतं,
हे गावात सगळ्यांना पाठ.
“सापडले म्हणायचं, ताई. सापडले.”
किल्ली पुन्हा डब्याच्या पिशवीत टाकली.

दोन खेपेला समजावलं असतं तर पटलंही असतं त्यांना.
पण बाहेर ऊन फार होतं,
आणि खिशातली ती पेन्सिलीची ओळ
मला आधी घरी न्यायची होती.